रूममेट जेवत नाही आणि सगळे तिला म्हणतात "कसली फिट झालीस!"

खोली_२१४
नमस्कार मंडळी, वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. रूममेट मराठवाड्यातली (गाव नाही सांगत), प्रचंड हुशार, शाळेपासून कायम पहिली. जूनमध्ये आलो तेव्हा आम्ही दोघी मिळून मेसच्या डाळीला शिव्या घालायचो आणि रविवारी रात्री मेस बंद म्हणून बाहेर जाऊन पावभाजी हाणायचो. दिवाळीला घरी गेली तर तिथे कोणीतरी म्हणालं "पुण्याचं पाणी मानवलेलं दिसतंय", झालं, आल्यावर हिचं डाएट सुरू. मला वाटलं करतेय तर करू दे, आपण सगळ्याच करतो चार दिवस.

आता फेब्रुवारी आलाय. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार, मध्ये संकष्टी आणि दोन्ही एकादशा. उपास म्हणजे आपला साबुदाण्याची खिचडी नि दाण्याचा लाडूवाला नाही हां, काळी कॉफी आणि काकडी. बाकीच्या दिवशी मेसमध्ये भाकरी असली की तिचा वरचा पापुद्रा तेवढा सोलते, त्याचे नखाएवढे तुकडे करून अर्धा अर्धा तास चघळत बसते आणि खालची जाड बाजू माझ्या ताटात सरकवते. आईने पाठवलेले डिंकाचे लाडू अख्ख्या मजल्यावर वाटले, एकेकीला आग्रह करून, आणि आम्ही खाताना नुसती बघत बसली. रात्री एकला जाग आली तर ही पांघरुणात मोबाईलवर रेसिप्यांचे व्हिडिओ बघतेय, पनीर अमुक नि बिर्याणी तमुक.

कॉटखाली वजनकाटा आहे. सकाळी त्याच्यावर उभी राहिली की तिचा दिवस कसा जाणार ते मला कळतं. एकदा वही उघडी पडलेली दिसली (मुद्दाम नाही बघितली), तारीख, शेजारी वजन आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात इंटर्नलचे मार्क. २० पैकी १७ मिळाले त्या दिवशी जेवायला आलीच नाही, म्हणाली "आज जेवण कमावलंच नाही मी". हसत म्हणाली, पण मला ते हसणं काही बरं नाही वाटलं. आणि गेल्या दोन रविवारी एकदम उलटं झालं, माझ्या डब्यातल्या चकल्या, ब्रेडचा पुडा, फरसाण, सगळं संपवलं आणि मग बराच वेळ बाथरूममध्ये, नळ सोडलेला, तरी आवाज येतोच.

वर्गातले सगळे म्हणतात कसली फिट झालीस, सिक्रेट सांग. मी काही बोलले तर म्हणते ऍसिडिटी होते गं, अन्न जात नाही. हे डाएट आहे का आजार आहे? एवढी हुशार, चांगल्या घरची मुलगी असं का करते? आणि मी तिच्या आईला फोन करू का?

अर्धी_सायकॉलॉजिस्ट
तू लिहिलंस ते बरं केलंस. मी क्लिनिकल सायकॉलॉजीत शिकतेय, अजून डिग्री हातात नाही म्हणून हे नाव 😅 आणि न भेटता कोणाला आजाराचं लेबल लावायचं नसतं, ते मी नाही करणार. पण तू जे लिहिलंयस ते वाचून मी "चार दिवसांचं डाएट आहे, होईल बंद" असं पण म्हणणार नाही.

"हुशार असून का" हा प्रश्न आहे ना, तिथेच गोम आहे. हुशार असून नाही, बऱ्याचदा त्या हुशारीच्या पद्धतीमुळेच. परफेक्शनिझम दोन तऱ्हेचा असतो. एकीला चांगलं काम करायला आवडतं, १७ मिळाले तर चहा पिऊन पुढच्या धड्याला लागते. दुसरीला १७ दिसतच नाहीत, गेलेले ३ दिसतात, आणि ते ३ म्हणजे आपण माणूस म्हणूनच कमी पडलो असं वाटतं. ही दुसरी तऱ्हा धोक्याची. इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ फेअरबर्न यांनी २००३ मध्ये खाण्याच्या आजारांची जी मांडणी केली तिच्यात मुळाशी हेच धरलंय, की माणूस स्वतःची किंमत जवळपास सगळी वजन, अंगकाठी आणि खाण्यावरचा ताबा यांच्यावरच ठरवायला लागतो. ती वही आठव तुझ्या रूममेटची. मार्क आणि वजन शेजारी शेजारी. मला इतकी वर्षं पुस्तकात वाचून जे नीट समजलं नव्हतं ते त्या एका पानात आहे.

आणि बघ ना, शाळेत कायम पहिली आलेली मुलगी युनिव्हर्सिटीत येते तिथे वर्गात सगळ्याच पहिल्या आलेल्या. नंबर आपल्या हातात राहिला नाही, इंग्रजी बोलणाऱ्यांसमोर गप्प बसावं लागतं, घर नाही, आई वाढत नाही, काय खाल्लं कोणी विचारत नाही. अशा वेळी एक आकडा मात्र रोज आपल्या मेहनतीने खाली येतो. एवढा हुकमी रिझल्ट दुसरा कुठला पेपर देतो सांग? वरून सगळा वर्ग टाळ्या वाजवतोय. म्हणून तुम्ही सगळ्या आधी ते "फिट झालीस" बंद करा. "बारीक दिसतेस, काळजी वाटते" हे पण नको, कारण तिला त्यातलं फक्त "बारीक दिसतेस" एवढंच ऐकू जाईल.

दुसरं, भावना ओळखता न येणं. हिल्डे ब्रूख नावाच्या डॉक्टर बाईंनी साठच्या दशकातच लिहिलंय की या मुलींना पोटातून येणारे निरोप नीट वाचता येत नाहीत, भूक आहे, भीती आहे की राग आहे ते वेगळं करता येत नाही, आतून काहीतरी होतंय एवढंच कळतं. आपल्याकडे तर मुलगी चिडली की "भूक लागली असेल, जेवून घे" आणि रडली की "झोप पुरी झाली नसेल", मग शिकणार कुठून.

आता रात्री एकचे रेसिपीचे व्हिडिओ. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना, स्वखुशीने आलेल्यांना, साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हेतू वेगळा होता, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं ते शिकायचं होतं. पण झालं काय, ही धडधाकट माणसं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटातलं तासन् तास चिवडत बसायला लागली, स्वप्नात जेवण, चिडचिड, उदासी, आणि काहींचा मध्येच ताबा सुटून अधाशासारखं खाणं. यातल्या कोणाला झिरो फिगर नको होती गं! म्हणजे तू सांगितलेल्या निम्म्या गोष्टी (पापुद्र्याचे तुकडे, लाडू वाटून बघत बसणं, रविवारचा फरसाण) या तिच्या स्वभावातून नाही, उपाशी मेंदूतून आल्या असतील. डाएट हा स्वतःच एक धोका आहे तो असा. उपाशी राहिलं की अन्नाचा ध्यास लागतो, ताबा सुटला की लाज वाटते, लाज वाटली की परत कडक उपास.

उपासाबद्दल सांगते कारण आपल्याकडे हे फार फसवं आहे. खाण्याच्या सवयींची एक प्रश्नावली जगभर वापरतात, १९८९ मध्ये किंग आणि भुग्रा यांचा उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींवरचा अभ्यास आला तेव्हा त्यांना दिसलं की काही प्रश्नांची उत्तरं धार्मिक उपासांमुळेच भलतीकडे जातायत. म्हणजे उपास करणारी प्रत्येक मुलगी आजारी नाही. पण उलटंही खरं, आजारी मुलीला उपासाइतकी सुरक्षित जागा नाही, गुरुवार आहे म्हटलं की आज्जीसुद्धा पाया पडून घेईल. मी एकच खूण बघते, उपास सोडायच्या वेळी ती तो सोडते का?

आणि "अन्न जात नाही, ऍसिडिटी होते" हे खोटंच असेल असं धरू नकोस. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी नव्वदच्या दशकात लिहिलं की त्यांच्याकडच्या कितीतरी मुली जाड होण्याची भीती बोलूनच दाखवत नाहीत, पोट फुगतं म्हणतात. दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये पाच तरुण मुलींच्या केसेस मांडल्या त्यातही असंच, जेवण सुटलेलं, वजन उतरलेलं, पण "मी जाडी आहे" हे पालुपद नाही.

एक कुरकूर करून थांबते. कॉलेजच्या मुलींवरचे बरेचसे सर्व्हे म्हणजे एकदाच फॉर्म भरून घेतलेला असतो, त्यातून चिंता आणि खाण्याचा घोळ बरोबर दिसतो पण आधी कोंबडी का अंडं ते कळत नाही. लोक मात्र "इन्स्टाग्राममुळे होतं" असं बिनधास्त ठोकून देतात.

सेवानिवृत्त_गुरुजी
वाचले. माझ्या मते हे सगळे मोबाईलचे आणि रिकाम्या वेळाचे खूळ आहे. आमच्या वेळी घरात आठ माणसे, दळण, पाणी, कामे असायची, मुलींना असले काही सुचायचेच नाही. उपासाला नावे ठेवू नयेत. त्या मुलीच्या आईवडिलांना सरळ कळवावे, दोन महिने घरी नेऊन दूधतूप खाऊ घालावे, आपोआप ताळ्यावर येईल.

नागपुरी_संत्री
गुरुजी, राग नका मानू, पण मला बी घरी नेलं होतं दोन महिने. दूधतूपच खाऊ घातलं. मागच्या अंगणात जाऊन सगळं काढायची मी, आणि आई म्हणायची पोरीच्या अंगाला काही लागतच नाही बाप्पा.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती मी. पाळी अनियमित म्हणून दाखवलं तर पीसीओएस (हार्मोनचा त्रास) निघालं, डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, बस, एका वाक्यात, कसं ते नाही सांगितलं. त्याच उन्हाळ्यात मावसबहिणीचं लग्न, तिथे हळदीला एक काकू सगळ्यांसमोर म्हणे "हिच्यासाठी मांडव मोठा लागेल". सगळे हसले, मी बी हसली. ते वाक्य मला आज दहा वर्षांनी पण हळदीच्या वासाबरोबर आठवते.

एक सांगते खोली २१४, माझं वजन कधी खूप उतरलंच नाही, म्हणून कोणालाच कळलं नाही. दिवसभर काही नाही आणि रात्री हॉस्टेलवर पोळ्या, बिस्किटं, जे दिसेल ते, चव पण लागत नसते त्या वेळेला, आणि मग उलटी. भूक नव्हती ती. व्हायवा खराब गेला की व्हायचं, घरून फोन आला आणि बाबा दादाच्या नोकरीबद्दलच बोलत राहिले की व्हायचं. डोकं बंद करायचं बटण होतं ते, दहा मिनिटं शांत, आणि नंतर इतकी किळस स्वतःची की विचारू नका.

मला कोणी "खात जा गं" म्हटलं की मी अजून लपवायची. माझी रूममेट मात्र एकदा बाथरूमच्या बाहेर बसून राहिली, बाहेर आल्यावर फक्त म्हणाली "मला माहितीये, मी कोणाला सांगितलं नाही, तुला कसं वाटून राह्यलं?" खाण्याचं नावच नाही काढलं. त्या दिवशी पहिल्यांदा रडली मी. मग तिच्यासोबतच गेली दाखवायला. थेरपिस्टने डाएट चार्ट नाही दिला, उलट दिवसातून पाच-सहा वेळा ठरलेल्या वेळी खायचंच, भूक असो नसो, असं सांगितलं, आणि वहीत काय खाल्लं त्याच्या शेजारी तेव्हा मनात काय चालू होतं ते लिहायचं. मला वाटलं ही बाई वेडी आहे, सकाळी नाश्ता केला तर रात्री अजून खाईन ना मी! पण दिवसा पोटात असलं की रात्रीचा तो झटका खरंच कमी होत गेला. दीडेक वर्ष लागलं. मध्ये दोनदा घसरली.

रात्रपाळी_डॉक्टर
मी फिजिशियन आहे, मनाचं वरच्या लोकांनी छान लिहिलंय, मी शरीराचं तेवढं सांगतो, कारण इथे बऱ्याच मुली वाचत असतील.

वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आधी काहीही न दिसता. वजन नॉर्मल असलं म्हणून धोका नाही असं नसतं. चक्कर येणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, पाळी थांबणं, सतत थंडी वाजणं, गालांच्या मागे सूज, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, यातलं काही दिसलं तर तपासणी लांबवू नका. बेशुद्ध पडली किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पाळी नियमित येतेय म्हणजे काही नाही असंही समजू नका, ॲनोरेक्सियाच्या (उपाशी राहून वजन फार उतरवण्याच्या आजाराच्या) निदानाला पाळी थांबलीच पाहिजे ही अट अमेरिकी निकषातून २०१३ मध्ये काढलेली आहे.

गुरुजींच्या दूधतुपाबद्दल. खूप दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं, त्यात जीव जाऊ शकतो. परत खायला घालणं हे सुद्धा डॉक्टरच्या नजरेखाली व्हायला हवं.

ब्रिटनमध्ये १९९९ ला पाच साध्या प्रश्नांची एक चाचणी काढली होती, आम्ही ओपीडीत विचारतो: पोट गच्च झालं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का, किती खातोय यावरचा ताबा सुटलाय असं वाटतं का, तीन महिन्यांत सहा किलोच्या वर वजन उतरलंय का, बाकीचे बारीक म्हणत असताना तुला तू जाड वाटतेस का, आणि अन्नाने आयुष्य व्यापलंय असं म्हणशील का. दोन किंवा जास्त "हो" आले तर पुढे नीट तपासायचं, एवढाच अर्थ, निदान नाही. मुलींनो, हे तुम्ही स्वतःला विचारा, मैत्रिणीची परीक्षा घेऊ नका.

आणि घरच्यांना गुन्हेगार करू नका. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा बऱ्यापैकी मोठा दिसतो. टोमणे दहा जणींना बसतात, आजारी एक पडते. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिच्याबद्दल कसं बोलायचं हे विचारायला तू पण लावू शकतेस.

अर्धी_सायकॉलॉजिस्ट
आईला फोन करायचं राहिलंच की माझ्या उत्तरात. आधी तिच्याशी बोल, तिच्या पाठीमागे फोन केलास तर तुझ्यावरचा विश्वास जाईल आणि आत्ता तिच्याजवळ तूच आहेस. पण डॉक्टरांनी लिहिलंय तसं काही झालं, किंवा जगण्याचा कंटाळा आलाय असं काही बोलली, तर विश्वासबिश्वास बाजूला ठेव आणि रेक्टर, घर, सगळ्यांना कळव. बोलायची वेळ जेवणाची नको आणि काट्यावरून उतरल्यावरची तर नकोच नको.

सेवानिवृत्त_गुरुजी
काल रात्री परत सगळे वाचले. "अन्न जात नाही" या शब्दांवर अडकलो.

माझी थोरली बहीण १९७४ साली सोलापुरात बी. ए. करत होती. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. पहिल्या वर्षी एका विषयात राहिली, आणि त्यानंतर तिने जेवण कमी करत आणले. विचारले की हेच, अन्न जात नाही. अन्नावरची वासना उडाली असे सगळे म्हणायचे. आईने दृष्ट काढली, गाणगापूरला नेऊन आणले, एका वैद्यांचे चूर्ण झाले. मग कॉलेज सोडवून तिचे लग्न लावून दिले. तिने विषय राहिल्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही आणि आम्हीही कधी विचारला नाही. आज ती बहात्तर वर्षांची आहे, अजूनही चतकोर भाकरी खाते आणि घरभर लोकांना आग्रह करकरून वाढते. तेव्हा मोबाईल नव्हता. आधी लिहिले ते मागे घेतो.

नागपुरी_संत्री
गुरुजी, फोन लावा त्यांना एकदा. सहजच.

खोली_२१४
सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय, मध्ये सबमिशन होतं.

मागच्या शनिवारी आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो तेव्हा बोलले. खूप तयारी केली होती, सगळी विसरले. म्हटलं, "मला रविवारी आवाज येतो. मी कोणाला बोलले नाही. तुला कसं वाटतंय?" ती एक ओढणी तीनदा पिळत राहिली. मग एकदम चिडली, म्हणाली तू माझ्यावर पाळत ठेवतेस का, आणि बादली तिथेच टाकून खाली गेली. दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं झालं, घालवली मी मैत्रीण.

मंगळवारी रात्री लाईट घालवल्यावर अंधारात म्हणाली, "ते १७ मार्कांचं तुला आठवतं का?" आणि मग दोन-अडीच वाजेपर्यंत बोलत होती. खाण्याबद्दल फार थोडं. बाबांनी तिच्या शिक्षणासाठी जमीन गहाण ठेवलीय हे मला माहीतच नव्हतं. म्हणाली मेसचे पैसे भरले की वाटतं हे पण मीच खाल्ले.

आमच्या युनिव्हर्सिटीत काउन्सेलर आहेत, गुरुवारी सोबत गेले, आधी म्हणत होती गुरुवार आहे, उपास आहे, मी म्हटलं तिथे काही खायला नाही घालणार. पाऊण तास आत होती, मी बाहेर तिची सॅक मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी रक्ततपासणी आणि ईसीजी करून यायला सांगितलंय आणि मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिलीय. आईला अजून सांगितलेलं नाही, ती म्हणतेय होळीला घरी गेल्यावर स्वतः सांगेन, नाही जमलं तर तू फोनवर माझ्या बाजूला बस.

काटा मागितला मी, म्हटलं माझ्या कपाटात ठेवते. नाही म्हणाली. मी पण परत नाही मागितला. पुढची अपॉइंटमेंट मंगळवारी साडेअकराला आहे आणि तेव्हाच माझं प्रॅक्टिकल, बॅच बदलून मिळतेय का बघतेय.